चुन्याची निवळी आणि भाऊजींचा प्रश्न

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुमची गरज पडली ती उसाच्या पाचटापायी. म्हसवडच्या कोरड्या रानातली मुलगी लग्न करून सांगलीकडच्या उसात आली आणि आता म्हातारपणी शेजाऱ्याशी वाद घालत बसते. वाद घालायला कुणी आहे, हेच पुष्कळ. आमचे हे गेले, मुलगा फौजेत, त्याचं बिऱ्हाड लांब. दिवसाकाठी माझा आवाज मलाच ऐकू येतो, तोही शेळीला हाकलताना.

तो सातवीचा वर्ग अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही चुना पाण्यात कालवून ठेवता, वरची नितळ निवळी पेल्यात काढता आणि पपईच्या देठाची नळी माझ्या हातात देता. "फुंक." मी फुंकते, पाणी दुधाळ होतं, मुली टाळ्या पिटतात. "हा तुझ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड," तुम्ही म्हणता. मी मोठा शहाणपणा करून विचारलं, "म्हणजे विषारी वायूच ना, बाई?" काय चिडला होतात तुम्ही! "विषारी कुणी सांगितलं? तो हवेत जरासाच आहे, पण आहे म्हणून आपण गारठून मरत नाही. पृथ्वीनं पांघरलेली वाकळ आहे ती. आता वाकळीवर वाकळ घालत गेलीस, तर उकडणारच. आणि निम्मं खरं सांगत जाऊ नकोस, नडतं ते." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो पेला तुम्ही मलाच धुवायला दिलात, आणि तेवढ्यावर मी कितीतरी दिवस मिरवलं.

ती वाकळ आता खरंच जड झालीय, बाई. थंडी येते न येते, पाऊस नको तेव्हा कोसळतो, आणि उन्हाळ्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. म्हणून मी रान पेटवत नाही. इकडे ऊस तुटून गेला की वाळका पाला, म्हणजे पाचट, रानभर पडून राहतो. लोक त्याला काडी लावून मोकळे होतात, की खोडव्याला, म्हणजे तुटल्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायला सोपं. मी ते सरीत दाबते, कुजवते. शेजारच्या रानातले माझे चुलतदीर यंदाही काडीपेटी घेऊन निघाले, तशी मी त्यांना ओसरीवर बसवलं, निवळी केली आणि फुंकायला लावलं. पाणी पांढरं झालं. "बघा भाऊजी, पाचट पेटवलंत की हेच वर जातं."

ते पेल्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आवं वहिनी, मग म्या श्वास सोडायचा बंद करू व्हय? ह्यो बी त्योच की!" मी चहाचं आधण ठेवायला उठले. तसे ते हसून म्हणाले, "सांगा तुमी इचार करून. तवर न्हाई पेटवत."

तेव्हापासून रोज संध्याकाळी येतात. "घावलं का उत्तर?" म्हणत चहा घेतात. मग ह्यांच्या गोष्टी निघतात, दोघं कृष्णेत कसे पोहायचे, कुणाच्या शेंगा उपटायचे. घरात माणसाचं हसू ऐकू येतं.

उत्तर असं आहे, बरोबर का ते तुम्ही सांगा. श्वासातला कार्बन आपण खाल्लेल्या भाकरीतला, आणि पिकानं तो हवेतूनच घेतलेला. तो फिरून परत तिथंच जातो. वाकळ जड होते ती मुख्यतः जमिनीखाली गाडलेला कोळसा आणि तेल उकरून जाळल्यानं. त्यात कुपवाडच्या रस्त्यावरच्या गाड्या आल्या, तशी कोळशाच्या विजेवर चालणारी माझी विहिरीवरची मोटारही आली. पण पुरं सांगायचं तर पाचटाचंही श्वासासारखंच. उसानं हवेतून घेतलं, ते हवेला परत. कुजवलं तर त्यातलं थोडं मातीत राहतं, ओल टिकते, खत कमी लागतं, एवढाच फरक. तो फरक मला मोलाचा वाटतो, पण पेल्यातल्या पाण्यानं मी जेवढी भीती घातली तेवढा तो नाही. म्हणजे भाऊजी निम्मे बरोबर. हे ऐकून ते काडी ओढतीलही.

उद्या कालव्याचं पाणी येतंय, तेव्हा पाचट पेटवायचं की दाबायचं ते भाऊजींना आता ठरवायला हवं. मघाशी दारातून म्हणाले, "वहिनी, आज तरी सांगा की." मी म्हटलं, "आठवतेय अजून." त्यांच्या पाठोपाठ घर पुन्हा गप्प झालं. खिडकीतल्या पेल्यात निवळी उरली होती, तिच्यावर कुणी न फुंकताच पातळ साय धरलीय.

उद्या पुरं सांगणार आहे, रान पेटलं तरी. हा कागद कुठं धाडायचा नाही, तेव्हा तुमच्यापाशी तरी निम्मं ठेवत नाही. बाई, उत्तर मला पहिल्याच संध्याकाळी सुचलं होतं. ते लगेच सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी भाऊजी कशाला आले असते?