वाळवंट पाहायला गेले तेव्हा

प्रिय ताई,

"शेताच्या धुऱ्यावर बसून दुनिया दिसत नाही पोरी, जाऊन पाहा लागते." मी सातवीत होते तेव्हा तू हे म्हणाली होतीस. आज कॉलेजात अभ्यास सहलीचा कागद फिरला. हिमालयात, सूचिपर्णी अरण्यं पाहायला. सोबत कोण जाणार म्हणून सगळ्यांनी भूगोलाच्या मॅडमकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. माझ्याच्यानं सही होईना, म्हणून तुला लिहायला बसले.

थकले आहे गं. तेच प्रदेश, तेच नकाशे. आणि आता घरी येऊन सांगायला तू नाहीस.

आठवतं, आसगावची रोवणी? शेतातल्या बाकीच्या बांध्यांत गाणी चालायची, आपल्या बांधीत माझा धडा! चिखलात वाकून धान रोवता रोवता तू हुकूम सोडायचीस, "वाच वो, मोठ्यानं." एकदा मी टुंड्रा वाचत होते. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही, असं वाचलं, तशी शेजारच्या काकूंनी कंबर सरळ केली.

"अवो माय! मंग तिथल्या बायकाइले कामावरून सोडते कवा?"

अख्खी बांधी हसली. तू म्हणालीस, "लिहून ठेव हा सवाल. मास्तरले विचारजो!"

तुझी शाळा चौथीत सुटली. मला शिकवायचं म्हणून सुटली, हे तू कधी बोलली नाहीस. मी जिथे जाईन तिथली माती मात्र हक्कानं मागायचीस आणि तिच्यात धान टाकून बघायचीस. कोकणातल्या तांबड्या मातीत ते उगवलं, तेव्हा केवढा तुझा तोरा! दवाखान्याच्या खाटेवरूनही म्हणालीस, "आता रेगिस्तानची आण."

दिवस थोडे आहेत, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तरी मी मुलांची सहल घेऊन थरच्या वाळवंटात गेले. "पोरं वाट पाहून राहिले असन, जा तू," असं तू म्हणालीस. मला ते सोयीचं वाटलं. का वाटलं?

दाजींचा फोन आला तेव्हा मी मुलांना वाळूच्या टेकड्या कशा सरकतात ते सांगत होते. फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. ताई, मी ते वाक्य पूर्ण केलं!

कारध्याला तुझ्या घरी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. दाजी म्हणाले, "शेवटच्या दिवशी दिवसभर ती म्हणे, तिले फोन नोका करू. पोरं सोडून येईल." असं परस्पर ठरवायचा हक्क तुला कोणी दिला गं? मला यायचं होतं की नाही, हे एकदा विचारायचं तरी!

उद्या सही करीन. अंगात बळ नाही, तरी जाईन आणि मुलांना देवदार दाखवीन. हा शब्द.

फक्त एकदा, स्वप्नात का होईना, माझ्यावर ओरड. म्हण, "मी मरून राहिली होती, अन् तू कायले गेली होतीस?"

नाही म्हणणार तू, ठाऊक आहे मला. "जेवलीस काय?" एवढंच विचारशील.

तुझी,
शोभा