बोरंवालीला दाखवलेला पिक्चर

माय, काल रविवारी आमच्या बैठकीत भांडण झालं आणि ते मीच उकरून काढलं. तू असतीस तर दोन वाक्यांत मिटवलं असतंस, म्हणून तुला लिहायला बसले.

आमची बैठक म्हणजे फक्त चौघांची. बुलढाण्यात एक बाई ब्यूटी पार्लर चालवते, रविवारी दुपारी तिचं दुकान बंद असतं, तर मागच्या खोलीत आम्ही जमतो. ती, एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि मी. आम्हा चौघांना एकच नाद, भुताचे पिक्चर. आठवडाभर जो तो आपापल्या घरी, मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर पाहतो आणि रविवारी काय पाहिलं, कसं वाटलं ते सांगतो. कंडक्टरांचा हिशेब सरळ आहे. भूत पहिल्या अर्ध्या तासात दिसलं की पिक्चर गेला. "गाडी कवा येते हे माहीत नसलं म्हणजेच माणूस स्टँडवर उभा राह्यते," असं ते म्हणतात. पार्लरवालीचं लक्ष भुताच्या तोंडाकडे. मागच्या खेपेला म्हणाली, "तोंडाले मेकअप केला अन् मानेले लावाचं इसरले. तोंड मेलेलं अन् मान जित्ती." मुलगी कानात हेडफोन घालून कुठल्या कुठल्या देशांचे पिक्चर पाहते, भाषा कळत नसली तरी पाहते, आणि दारामागे आवाज कसा वाढत गेला ते आम्हाला तोंडाने करून दाखवते. मी काय सांगते? खरं तर तू जे म्हणाली असतीस ते सांगते आणि माझंच म्हणून खपवते. "मॅडमचा अभ्यास मोठा हाय," असं कंडक्टर म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवते म्हणून त्यांना तसं वाटत असेल.

अभ्यास तुझा होता. देऊळघाटच्या पुढे आपलं गाव, त्या गावात तू नर्सबाई. शनिवारी दुपारी आडत्याच्या रिकाम्या गोदामात व्हिडिओ लागायचा, खिडक्यांना काळी चादर ठोकलेली, आत बायका एकीकडे, माणसं एकीकडे. भुताचा पिक्चर असला की तू सकाळीच लसीकरणाचं उरकून घ्यायचीस आणि मला घेऊन पार पुढे, पडद्यासमोर बसायचीस. अजून मला ते गोदाम दिसतं. सरकीचा वास येतोय, मागे कुणीतरी रडतंय, मी तुझ्या पदरात तोंड खुपसते आहे आणि तू माझे हात धरून कानांवर ठेवते आहेस. "डोये नोको झाकू. कान झाक." मी कान झाकते, आणि समोर एक बाई पांढरं लुगडं नेसून नुसती उभी असते, तिची भीतीच वाटत नाही. "पाह्यलं?" तू म्हणतेस. "तुले भेव दाखोते तो मांगं पेटी वाजोनारा, ते बाई नाही." घरी येताना रस्ताभर तुझं चालू असायचं. रक्त लाल भडक होतं, वाळलेलं रक्त असं नसतं. मेलेल्या माणसाचे डोळे असे गरगर फिरत नाहीत, ते मी मिटवते, मले माहीत हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली की बाहेर चपला घालता घालता शेजारणींना तू अख्खा पिक्चर सांगायचीस, आणि त्या न पाहताच घाबरायच्या. भूत नसतं हे तुला पक्कं ठाऊक होतं, आणि ते पाहायला तुझ्याइतकं हौसेनं कुणी जात नव्हतं. मला यात कधी काही विसंगत वाटलं नाही.

मग सातवीतला तो हिवाळा. शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी बोरं घेऊन बसायची. नाल्याकडे एकटी राहायची, एका पायाने लंगडायची आणि बकऱ्या टोपलीजवळ आल्या की जीभ टाळ्याला लावून टक टक करून त्यांना हाकलायची. एकदा मी तिच्या टोपलीतून मूठभर बोरं उचलली आणि तिने माझा हात धरला, सगळ्या मुलींसमोर. "नर्सबाईची पोरगी हायस न तू? मांगून घेतली असती तं देली नसती का मी?" एवढंच म्हणाली आणि बोरं माझ्याच मुठीत राहू दिली. ते मला जास्त झोंबलं. त्याच आठवड्यात आपण एक पिक्चर पाहिला होता. त्यातली हडळ उंबऱ्यावर येऊन तीनदा जीभ वाजवायची आणि मग ज्याचं नाव घेईल तो आजारी पडायचा. मधल्या सुट्टीत मी मुलींना सांगितलं, बोरंवालीचे पाय उलटे आहेत, लुगड्यात लपवते, म्हणून लंगडते. ती तीनदा टक करते, तेव्हा मनात कुणाचं तरी नाव घेत असते. मी ते चांगलं सांगितलं असणार, तुझ्याकडूनच शिकले होते. दोन दिवसांनी वर्गातल्या एका मुलीला ताप भरला.

पुढचं आपोआप झालं. बोरं कुणी घेईना. मुलं तिच्यासमोरून पळत जायला लागली. तापवाल्या मुलीच्या आईने नाल्यावर जाऊन तिला काहीबाही सुनावलं. आणि एका दुपारी ती तुझ्याकडे उपकेंद्रात आली, घोट्यावर दगड लागून चांगलं फाटलं होतं. मी तेव्हा तिथेच बाकावर गृहपाठ करत होते. तू जखम धुताना विचारलंस, "कोनं मारला व मावशी?" ती म्हणाली, "लेकरं हायेत बाई. म्हणतेत का मी तीनदा टक करते अन् नाव घेते. मले तं त्याइचे नावं बी माहीत नाहीत." तुझा हात थांबला. तू माझ्याकडे पाहिलंस. अख्ख्या गावात तो पिक्चर तुझ्याइतका लक्ष देऊन कुणीच पाहिला नव्हता, आणि मी तुझ्या शेजारी बसून पाहिला होता.

तू मारलं नाहीस. "वही ठेव. इकडे ये," म्हणालीस. "पाय धर." मी त्या म्हातारीचा पाय मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली होती, बोटं सरळ पुढे, माझ्यासारखीच, आणि मधलं हाड लहानपणी कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं. "नीट पाह्य," तू म्हणालीस, "काय हाय ते पाह्य." तू टाके घालत होतीस, ती दात दाबून बसली होती, आणि प्रत्येक टाक्याला तो पाय माझ्या हातात थरथरत होता. इतकी भीती मला गोदामात कधी वाटली नव्हती. तिला कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. निघताना ती माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पोरगी घट्ट धरते."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू युनिफॉर्म घालून फाटकाशी आलीस. म्हातारीशेजारी जमिनीवर फतकल मारून बसलीस आणि बोरं खायला लागलीस. एकेक करून, बिया बाजूला टाकत, सगळी शाळा बघत होती. म्हातारीने बकरी हाकलायला टक टक केलं तर तूही केलंस. तापातून उठलेली मुलगी पहिल्यांदा बोरं घ्यायला पुढे आली, कारण तिला गोळ्या तूच दिल्या होत्या. हेडमास्तरांनाही तू हात करून बोलावलंस आणि त्यांना दोन बोरं खावी लागली. घोट्याची पट्टी बदलायला मी आठ दिवस शाळेतून नाल्यावर जात होते, तू पाठवत होतीस म्हणून, आणि शेवटचे दोन-तीन दिवस तू न पाठवताही. पिक्चर बंद म्हणून तू सांगितलं होतंस, किती दिवस ते सांगितलं नव्हतं. ती बंदी उठली ती म्हातारीमुळेच. पट्टी बांधून घेताना एकदा तिने मला विचारलं, "तो पिक्चर म्हणतेत तो असते तरी कसा? मी कवाच पाह्यला नाही." मी घरी येऊन तुला सांगितलं. तू कणीक मळून झाकून ठेवलीस आणि म्हणालीस, "मंग तिले दाखवाच लागन."

तो शनिवार मी विसरणार नाही. आपण तिघी पुढे बसलो, मध्ये ती. काही बायका उठून मागे गेल्या, तू वळून पाहिलं नाहीस. पडद्यावर पहिल्यांदा माणूस हलला तेव्हा तिने नमस्कार केला. मग भूत आलं, लांब केस, पांढरे डोळे, सगळं गोदाम ओरडलं, आणि ती हसायला लागली. आवाज न करता, पदर तोंडात धरून, अंग हलवून हसत होती. तू मला खुणेने कान झाकायला सांगत होतीस आणि माझं त्या पिक्चरकडे लक्षच नव्हतं. बाहेर आल्यावर तू नेहमीसारखं विचारलंस, "कसा वाटला, मावशी?" ती थोडं चालली, थांबली. "चांगला होता. पण बाई, ते भूत साऱ्या घराईत गेलं, कोनं त्याले बस म्हनलं नाही, जेवाले इचारलं नाही. मंग ते काय करीन, फिरनच न."  

काल ती मुलगी ज्या पिक्चरबद्दल सांगत होती त्यातही गावाबाहेरची एक म्हातारी होती. उलटे पाय, शेवटी गावकरी तिला पेटवतात आणि गावावरचं संकट टळतं. मुलीला तो फार आवडला होता. आगीचा आवाज कसा घेतलाय ते ती करून दाखवत होती आणि मी मध्येच म्हणाले, "हे पाहून तुला छान वाटतं? लाज वाटायला पाहिजे." पार्लरवाली म्हणाली, "मॅडम, पिक्चर हे पिक्चर असते." मी म्हणाले, नसतो. कंडक्टरांनी चहा ओतायला घेतला. मुलगी फक्त एवढंच म्हणाली, "तुम्हीच तर म्हणता मॅडम, की काहीही पाहायचं, डोळे उघडे ठेवून पाहायचं." ते वाक्य तुझं होतं. मी पर्स उचलली आणि घरी आले.

तुझा शेवटचा महिना आठवतो. तुला पलंगावरून उठवत नव्हतं, दुपारी टीव्हीवर जुना भुताचा पिक्चर लागायचा आणि मी तुझ्या पायाशी बसून पाहायची. तू मध्येच डोळा लागू द्यायचीस आणि म्हणायचीस, "भूत आलं का मले उठव." मी उठवायची नाही, तुला झोप मिळावी म्हणून. जाग आली की तू विचारायचीस आणि मी सांगायची, अजून यायचं आहे. तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. त्या सातवीच्या हिवाळ्याबद्दल तेव्हा बोलावं असं मनात यायचं. तू पुन्हा कधी विषय काढला नाहीस, मीही काढला नाही.

आज शाळा सुटल्यावर ती मुलगी फाटकाशी उभी होती. खामगावहून येणाऱ्या बसने तिची मावशी यायची होती, म्हणून इकडे आले, असं म्हणाली, पण बस येऊन गेली तरी ती उभीच. "मॅडम, माझं काय चुकलं ते सांगा," म्हणाली. मी तिला घेऊन बाहेर कठड्यावर बसले आणि सगळं सांगितलं. गोदाम, बोरं, टाके, तू फाटकाशी बसून खाल्लेली बोरं, म्हातारीचं हसणं. ती मन लावून ऐकत होती. भुताला कुणी जेवायला विचारलं नाही, इथे ती आधी हसली आणि मग तिने डोळे पुसले. रविवारी हे सगळ्यांना सांगा, मी तो पिक्चर परत पाहीन आणि मग बोलू, असं म्हणून ती गेली. पार्लरवालीचा फोनही येऊन गेला, रविवारी या म्हणून. आमचं भांडण मिटलं, माय.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, कारण एक गोष्ट त्यात खरी लिहिली आहे जी मी त्या मुलीला खरी सांगितली नाही. तिने विचारलं, "पण ही अफवा पसरवली कुणी?" आणि मी म्हणाले, आमच्या वर्गात एक मुलगी होती.