साठीचे फुगे आणि काचेतले भोवरे

आदरणीय थोरले बंधू रीफ अबी यांस,

कझानहून धाकट्या चुलतभावाचा, नियाझचा, वाकून सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? ओरेनबुर्गच्या वाऱ्याने छप्पर अजून जागेवर ठेवलंय ना? इकडे आम्ही सगळे ठणठणीत, म्हणजे कुडकुडतोय, पण उभ्याने. (संस्थेत खोल्या उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ बंद केलेत. शाई गोठते, म्हणून हे पत्र पेन्सिलीने.)

आमचे प्राध्यापक मिन्नेगाली तुम्हाला आठवतील. माझ्या लग्नात परातभर चाक-चाक मिठाई एकट्याने फस्त करून वर दूध घातलेला चहा मागणारे ते. त्यांच्या फुप्फुसांपुढे डॉक्टरांनी हात टेकलेत. म्हाताऱ्याची एकच आस उरली होती, काचेची शेवटची मोजणी डोळ्यांनी पाहायची. काचेत लोखंडाचे चुकार अणू असतात, त्यांतले इलेक्ट्रॉन म्हणजे बारीक भोवरे. डिवचले की बिथरतात, मग आजूबाजूच्या अणूंच्या थरथरीत आपला ताप सोडून निवतात. स्फटिकात अणू ओळीने उभे, त्यामुळे भोवरे सगळे एका चालीने निवतात. काचेत मात्र सगळा सावळागोंधळ. म्हाताऱ्याचं म्हणणं, तिथे प्रत्येकाची निवायची वेळ वेगळी. हे नीट दिसायला भयंकर गारठा लागतो, आणि त्यासाठी द्रव हेलियम. (कझानच्या जानेवारीत आणखी गारठा कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्या संचालकांनीही विचारलं होतं, आणि ते पदार्थविज्ञानाचे डॉक्टर आहेत.)

मॉस्कोहून हेलियम यायचा कधीच बंद झाला. उरलासुरला वायू पोटमाळ्यावरच्या रबरी पिशवीत होता. वापरलेला हेलियम नळीने तिथे परत जातो आणि आम्ही पुन्हा त्याचाच द्रव करतो. उष्टंच, पण जिवापाड जपलेलं. जेमतेम एका मोजणीपुरता होता. मी यंत्र लावून पोटमाळ्यावर गेलो, तर पिशवी चपटी. त्या दिवशी संचालक शामिल गुमेरोविच यांची साठी होती आणि उपसंचालकांनी, देव त्यांचं भलं करो, आमच्या हेलियमने सभागृह सजवलं होतं. फुगेही हवामानवाल्यांकडचे, जाड रबराचे.

माझं डोकंच फिरलं. शिडी आणि नळी घेऊन थेट सभागृहात घुसलो. संचालकांच्या नावाने पेले उंचावले जात होते आणि मी दाताने गाठी सोडून वायू परत नळीत कोंबत होतो. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. संचालकांनी प्रेमाने विचारलं, फुगे मुलांसाठी हवेत का. निम्मा वायू माझ्याच तोंडात गेला. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली, फोन आहे. सानिया आपा, प्राध्यापकांची बायको. ‘मोजणी झाली का, असं हे विचारताहेत,’ म्हणाल्या, आणि फोन प्राध्यापकांच्या हातात दिला.

काय बोलू? जे होतं ते सांगितलं. “सर, हेलियम संचालकांच्या साठीच्या फुग्यांत गेला. मोजणी होणार नाही.”

पण हेलियम छातीत गेला की आवाज चिरका होतो, त्यामुळे माझा निघाला कोंबडीच्या पिल्लाचा. अबी, आयुष्यातली सगळ्यात वाईट बातमी मी चिवचिवत दिली.  मग म्हातारा हसायला लागला, खोकला लागेपर्यंत हसला. दम परत आल्यावर म्हणाला, “आता रडू नकोस. ते फुगे बघत राहा. तेही सगळे एकदम खाली येणार नाहीत. मोजता येत नाही, तर निदान बघ.”

बाकी सगळं क्षेम. वहिनींना सलाम.

तुमचा,
नियाझ

ता. क. तुमच्या वायूच्या कारखान्यात हेलियम काढतात, हे मला आत्ताच आठवलं. (आत्ताच नाही. त्यासाठीच पत्र लिहायला बसलो.) एक टाकी पाठवा. रीतसर मिळाली तर उत्तम. नाहीतर झाकण घट्ट लावा. म्हाताऱ्याकडे फार वेळ नाही.

ता. क. दुसरा. पत्र खिशातच राहिलं. प्राध्यापक शुक्रवारी गेले. सानिया आपा तिथेच कोसळल्या. संचालक कबरस्तानात रडले, आणि मनापासून रडले. माझे डोळे कोरडे, लोक बघायला लागले. मलाच माझी लाज वाटली. आज त्यांच्या सातव्या दिवसाच्या जेवणाला खुर्च्या कमी पडल्या, त्या आणायला सभागृहात गेलो. छताला चिकटलेला शेवटचा फुगा खाली आला होता. सुरकुतलेला, पायरीपाशी पडलेला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि पोटभर रडलो, अबी. खुर्च्या उशिरा पोचल्या.

टाकी मात्र पाठवाच. मोजायचं राहिलंय.