चार-चार अक्षरांचे दहा गट

मॉन्टेव्हिडिओ,
१४ जून

प्रिय इसिद्रो,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, मी बरी आहे. जूनची थंडी कडाक्याची पडलीय, डावा गुडघा कुरकुरतो आणि येर्बाच्या चहाचा एक थर्मास आता दिवसभर पुरतो. तिकडे तुझ्या साल्तोला संत्र्यांची तोडणी सुरू झाली असेल. स्वेटर घालत जा.

ईमेलच करणार होते, पण कुलूप न लावलेलं, म्हणजे सांकेतिक न केलेलं पत्र तू न वाचताच पुसून टाकतोस, आणि माझं कुलूपच बिघडलंय. तू बसवून दिलेला तो काळ्या पडद्यावरचा, नुसत्या अक्षरांचा मेल मी अजून वापरते. मार्चमध्ये त्याने सांगितलं, त्या कुलपाच्या सांकेतिक किल्लीची मुदत संपली. मी मोठी शहाणी! जुनी किल्ली पुसून टाकली आणि नवी केली.

एप्रिलमध्ये तुझं पत्र आलं, जुन्याच किल्लीसाठी कुलूपबंद केलेलं. उघडेना. "खासगी किल्ली सापडली नाही", एवढंच. तू वहीत लिहून दिलेल्या सूचना काढल्या, सेटिंगच्या फायलीतली एकेक ओळ ताडून पाहिली. काही म्हणता काही होईना. शेवटी गेल्या शनिवारी वाचनालयातल्या फेर्मिनकडे गेले. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. मिशा पिकल्या, पण जीभ अजून तिखट आहे.

"नेलिदाबाई, किल्ली मेली नव्हती हो! नुसती तारीख वाढवायची होती," तो म्हणाला. "तिची नक्कल कुठे ठेवलीत?"

"नाही ठेवली."

"मग हे पत्र आता देवालाही उघडायचं नाही. भावाला म्हणावं, पुन्हा पाठव. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हे त्याला काय सांगणार? आईला पोचवायला तू आला नाहीस, म्हणून फेब्रुवारीत मी तुला ते जळजळीत पत्र लिहिलं. त्याचं हे उत्तर. मेलच्या यादीत ते तसंच आहे, रोज सकाळी बघते. तुला वाटत असेल, वाचून गप्प बसली. खरं सांगू? उघडलं नाही याचं मला थोडं बरंही वाटलं.

कारण मी खोटं लिहिलं होतं, इसिद्रो. आई शेवटी तुझं नाव घेत होती, दाराकडे बघत होती, असं लिहिलं होतं ना? नव्हती रे. दोन दिवस ती झोपूनच होती, झोपेतच गेली. दाराकडे मी बघत होते.

तेव्हा ते उत्तर पुन्हा पाठवू नकोस. त्यात जे काही असेल, ते तू एका खोट्याला दिलेलं आहेस.

नव्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची ओळखखूण, मागच्या बाजूला उतरवलाय, चार-चार अक्षरांचे दहा गट. पण कागदावर विसंबायचं नाही, माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय किल्ली खरी मानायची नाही, हा तुझाच नियम. रविवारी फोन कर. मी वाचेन, तू खुणा करत जा. दुसरं काही बोललंच पाहिजे असं नाही. मागच्या किल्लीच्या वेळी प्रत्येक गटानंतर तू "हं" म्हणत होतास, तेवढं म्हण.

अजून दाराकडेच बघणारी,
तुझी ताई
नेलिदा