मिशू आणि पंपवाला

५ जुलै
गाजरं. सकाळपासून गाजरं.
आमच्या उमेओ शहरात शाळेत सगळ्यांना सांगून आले होते की सुट्टीत आम्ही रोमानियात अस्वलांची देखभाल करणार. चार दिवस झाले, एक अस्वल धड दिसलं नाही. सात ते बारा आम्ही चौघं शेडमध्ये बसून गाजरं, सफरचंदं आणि कलिंगडं चिरतो. माझा भाऊ सिक्स्टन सहाच वर्षांचा, म्हणून त्याला चाकू नाही. तो शिळे पाव तोडतो, त्यातले निम्मे स्वतः खातो. त्याला कुणी काही म्हणत नाही.
बाबांनी माझा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, 'आमची तूवा, अस्वलांसोबत.'
सोबत कुठे? बादलीसोबत!

७ जुलै
आज पाहिलं. दोइना सोडवून आणलेल्या अस्वलांच्या या केंद्राची मुख्य, तिनेच मला कुंपणापर्यंत नेलं.
त्याचं नाव मिशू. चौदा वर्षं तो एका पेट्रोल पंपामागच्या पिंजऱ्यात होता. पेट्रोल भरायला थांबलेले लोक त्याला बिअर पाजायचे आणि हसायचे. इथे येऊन त्याला दोन वर्षं झाली. त्याच्या मागे अख्खा डोंगर आहे, झाडी आहे, ओढा आहे. तो तिकडे बघतसुद्धा नाही. कुंपणाला लागून चार पावलं जातो, वळतो, चार पावलं येतो. मी खूप वेळ मोजत होते.
"चारच का?" मी विचारलं.
"पिंजरा तेवढाच होता," दोइना म्हणाली.


८ जुलै
ज्याने ठेवलं त्यालाच त्या पिंजऱ्यात घालायला हवं. चौदा वर्षं. वर बिअर.

११ जुलै

मिशूच्या कुंपणापाशी अक्रोडाखाली एक म्हातारा घडीचं स्टूल टाकून बसला होता. डोक्यावर टोपी, हळूहळू काहीतरी बोलत होता. आणि मिशू त्याच्या समोर बसला होता. येरझाऱ्या बंद! मला वाटलं, डॉक्टर असेल.
"हे नेलू," दोइना म्हणाली. "पंप यांचाच होता."
मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. तो दोन वर्षं रोज सकाळच्या बसने येतो. आणि ही माणसं त्याला फाटक उघडून देतात! कॉफीसुद्धा देतात.
"मिशू इथे आला तेव्हा नऊ दिवस उपाशी होता," दोइना म्हणाली. "शेवटी मीच नेलूंना बोलावलं. त्यांचा आवाज ऐकला की खातो तो."
"माणसं बदलतात गं," आई म्हणाली. "तुला वाटतं तितकं सोपं नसतं हे."
मोठ्यांनी वाईट केलं की ते सोपं नसतं. मी सिक्स्टनला नुसतं ढकललं तर ते मात्र लगेच सोपं असतं.

१२ जुलै
बोलले.
फोनवर त्याच्या भाषेतला एकेक शब्द शोधून कागदावर लिहून घेतलं होतं. त्याच्या पुढ्यात उभी राहून वाचलं, "तुम्ही येता म्हणून मिशू अजून पिंजऱ्यातच आहे. येऊ नका."
त्याला पहिल्यांदा कळलं नाही. मी पुन्हा वाचलं. त्याने टोपी काढली. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण त्याने स्टूल मिटलं आणि फाटकाकडे चालू लागला.
बरं झालं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

१३ जुलै
आला नाही. छान.

१५ जुलै
आजही आला नाही. मिशू खात नाही. त्याच्या कलिंगडावर माश्या बसल्यात.
"नेलूंना कुणी काही बोललं का?" दोइनाने शेडमध्ये सगळ्यांना विचारलं.
मी गाजर चिरत राहिले.

१६ जुलै
सांगून टाकलं. आईचा चेहरा लाल झाला. दोइना रागावलीच नाही, नुसतं म्हणाली, "गाडीत बस."
त्याचं घर बंद पडलेल्या पंपाला लागूनच आहे. तो पायरीवर घमेलं घेऊन शेंगा सोलत होता.
"मी खोटं बोलले नव्हते," मी म्हणाले. "पण मिशू उपाशी आहे. तुम्ही या." दोइनाने त्याला ते त्याच्या भाषेत सांगितलं आणि त्याचं मला.
"पोरगी खरं बोलली. दोन वर्षांत तुमच्यापैकी कुणी बोललं नाही मला."
"अहो, मरेल तो!" दोइना म्हणाली.
"माझी वाट बघतोय तोवर तो डोंगराकडे बघायचा नाही. भूक अनावर झाली की जाईल. मी आलो की पुन्हा कुंपणालाच चिकटेल."
"आणि नाही गेला तर?"
तो शेंगा सोलत राहिला. सालं घमेल्यात टाकत होता आणि दाणे जमिनीवर. त्याच्या ते लक्षातच आलं नाही.
मला त्याचा रागच करायचा होता. अजूनही करायचा आहे.

१८ जुलै
सहावा दिवस. डॉक्टर येऊन गेले. "अजून दोन दिवस बघू, नाहीतर भूल देऊन सलाईन लावू," म्हणाले. परवा आम्ही निघणार. मी मिशूला मारून घरी जाणार आहे. बाबांनी आज एकही फोटो काढला नाही, नुसते माझ्याशेजारी बसून राहिले.

१९ जुलै
सकाळी मी मचाणावर होते, बाकी सगळे खाली. मिशू चालता चालता थांबला. नाक वर केलं. मग कुंपणाकडे पाठ करून चढ चढू लागला, थेट रानातल्या रासबेरीच्या जाळीत. कितीतरी वेळ जाळी हलत होती. मी ओरडून सांगितलं.
दोइनाने तिथूनच नेलूंना फोन लावला. मग मान वर करून मला म्हणाली, "तुलाच दिसला ना तो? ते विचारतायत, जाताना त्याने मागे वळून पाहिलं का?"
नव्हतं पाहिलं. एकदाही नाही.
"हो," मी म्हणाले. "दोनदा."