वाढीचा निरोप

अकोला
५ डिसेंबर २०२५

प्रिय ताई,

शकुनचा नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायचा असेल तर वाचून फाड.

इकडे मजेत आहोत. काल मार्गशीर्षातला गुरुवार होता, दुपारपर्यंत दुकानातली सगळी शेवंती संपली. हे दिवसभर गाणी गुणगुणत हार बांधत होते. भाऊजींचा गुडघा कसा आहे? प्रणाली सासरी रमली का?

प्रणालीचं नाव लिहिलं आणि पेन थांबला. आता लिहूनच टाकते.

तिच्या लग्नात बांगड्या भरताना मी उठून गेले. ‘फुलांची गाडी यायची आहे’ म्हणाले, ते खोटं होतं. तू आत पाहुण्यांत होतीस तेव्हा केशरबाई कासारणीने सगळ्यात मोठी बांगडी माझ्या हातावर दाबून पाहिली आणि म्हणाली, “हा तं बाप्याचा हात हाय वो!” बायका हसल्या. मीही हसले. मग बडनेरा स्टेशनवर जाऊन रडले.

आणि तू फोनवर म्हणालीस, “तुले मूल नाही, म्हून माह्या लेकीचं सुख पाहवलं नाही.” ताई, तेव्हाही मी खरं बोलले नाही. लाज वाटत होती. चपलेचा नंबर पाचाचा आठ झाला होता, नाक पसरलं होतं, आवाज जाड झाला होता. आरशातली बाई मला अनोळखी वाटायची.

यंदा मार्चमध्ये गजरा घ्यायला आलेली एक मुलगी माझ्या बोटांकडेच बघत राहिली. “मावशी, अंगठ्या घट्ट होतात का? डोकं दुखतं का?”

“थट्टा करून राहिली काय?” मी भडकलेच.

“नाही वो मावशी, मी डॉक्टर हाय. हर्षा. हे आजारानंही होऊ शकते.”

तिनेच रक्त तपासायला लावलं, मग डोक्याचा फोटो काढायला. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती वाढीचा निरोप धाडते आणि अंगातल्या पेशी तो ऐकतात. माझ्या ग्रंथीतल्या एका पेशीचं बटण चालूच राहिलं. तिच्यासारख्या पेशी वाढत गेल्या, गाठ झाली आणि निरोप थांबेना. हात-पाय बिचारे सांगितलं तेवढं करत राहिले! हर्षाने हे समजावलं तेव्हा मी दवाखान्यातच हसायला लागले. ताई, माझं काही चुकलं नव्हतं गं.

जूनमध्ये नागपूरला ऑपरेशन झालं. नाकातून गाठ काढली, कुठे टाकासुद्धा दिसत नाही. परवाचा रिपोर्ट एकदम बरोबर आला. बोटांची सूज उतरली, गजरा पुन्हा भराभर गुंफते. घोरणंही थांबलं. हे म्हणतात, “आता मले झोपच येत नाही, सवय झाली होती ना!” रिपोर्टच्या आनंदात यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि कशाचे ते कोणालाच सांगता येईना.

येत्या १४ तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येते. वाढलेलं हाड मात्र मागे जात नाही, जबडा पुढे आलाय तो तसाच राहणार. दार उघडल्यावर मला ओळखायला वेळ लागला तर लागू दे. मी उभी राहीन. या वेळी निघून जाणार नाही.

तुझी धाकटी,
शकुन