दस्त्यावरच्या शंकरपाळ्या

शिराळा,
१८ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास आबांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मी बोललेलं सगळ्या गल्लीला ऐकू जातं, म्हणून पत्र. आजोबांची दुनळी बंदूक दुरुस्तीला दिली होती. लाकडी दस्ता टाकून द्या, प्लास्टिकचा बसवतो, असं दुकानदार म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. बंदूक त्याच्याकडेच ठेवून नुसता दस्ता काढून घेतला, तो तुझ्याकडे पाठवतोय.

खंडेनवमीच्या पूजेला भाऊबंद जमतील, तोवर झाला पाहिजे. मुठीवरच्या चौकटींच्या नक्षीला तू लहानपणी शंकरपाळ्या म्हणायचीस, त्यांना धक्का लावू नकोस. आणि काम कुणी केलं ते कुणाजवळ बोलू नकोस. तू साताऱ्यात फर्निचर कंपनीच्या ऑफिसात आहेस असंच मी गावात सांगितलंय. सुभेदाराची पोर पॉलिश मारते हे बरं दिसत नाही. यावरून आईनं माझ्याशी अबोला धरलाय.

लोभ आहेच. वेळेवर जेवत जा.

आबा

सातारा,
१४ सप्टेंबर

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

दस्ता पोचला. गोठ्याच्या दाराचं उरलेलं व्हार्निश याला कुणी फासलं होतं, आबा? शंकरपाळ्या पार बुजल्या होत्या. ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते रमजानचाचा बघून लय हसले. पोरी, ही पकड न्हाई, घसरगुंडी हाय, म्हणाले.

व्हार्निश उतरवलं. पॉलिशपेपर नक्षीजवळ नेलाच नाही, दात घासायच्या ब्रशनं रेघा मोकळ्या केल्या. झिजल्या होत्या तिथं बारीक कानशीनं पुन्हा पाडल्या. एक रेघ तिरकी गेली की पुढच्या सगळ्या बिघडतात, त्यामुळे श्वास रोखून बसायचे. मग जवसाचं तेल तळहातानं चोळून जिरवलं. अक्रोडाच्या शिरा छान उठून आल्यात.

मी कुणाला सांगणार नाही. पण आमच्यात कारागीर आपलं नाव दिसणार नाही अशा जागी लिहितो. दस्त्याच्या टोकाला पत्रा आहे, त्याखाली मी माझं लिहिलंय. खंडेनवमीला तुम्ही बंदूक पुजाल, मी इथं माझी कानस पुजेन. दोन्हीला हत्यारच म्हणतात, आबा. तुमच्या पत्रानं मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

आईला नमस्कार. तुमचा राग निवला की माया करावी.

आपली,
संयोगिता

शिराळा,
३ ऑक्टोबर

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

खंडेनवमी झाली. तू पाठवलेला दस्ता बसवून आणलेली दुनळी पाटावर ठेवली, तेव्हा तुझ्या चुलतभावानं, राजवर्धननं, मुठीवरून हात फिरवला आणि कुठल्या मिस्त्रीचं काम म्हणून विचारलं. कऱ्हाडचा मिस्त्री, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. पण ते जिभेवर येईना. आई समोर आरतीचं ताट घेऊन उभी होती. मग मी स्क्रूड्रायव्हर मागवला आणि पत्रा काढला. ‘संयोगिता लालासाहेब’ असं मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा आवाज तुला ठाऊक आहे, गल्लीलाही कळलं. ऑफिसचं खोटं होतं तेही सांगून टाकलं. सुभेदार झालो तेव्हाही माझी छाती एवढी फुगली नव्हती, पोरी. तुझ्यामागं माझं नाव लिहिलंस, बरं केलंस.

पुढच्या वर्षी तुझी हत्यारं घेऊन ये, दुनळीशेजारी ठेवू. पाट अपुरा पडेल असं आई म्हणते. ती आता बोलते माझ्याशी. मोठा पाट तूच करून आण. रमजानभाईंना सलाम सांग.

लोभ होताच, आता उघड आहे.

तुझा,
आबा

ता. क. येईल त्याला पत्रा उघडून दाखवतोय, त्यामुळे स्क्रू ढिले झालेत. जरा लांब बघून नवे पाठव.